सात नंबरच्या पिंजऱ्यातलं शून्य

मी गाठी मोजणारा कॅलिपर बोलतोय. पोलादाचे दोन जबडे आणि एक सरकती पट्टी, एवढाच माझा संसार. पण आमच्या प्रयोगशाळेत कॅन्सरची गाठ माझ्या परवानगीशिवाय लहान-मोठी होत नसे.

माझ्या बाई शास्त्रज्ञ. शरीराची स्वतःची फौज कॅन्सरवर कशी सोडायची, हा त्यांचा ध्यास. रोज सकाळी त्या एकेका उंदराची मानगूट धरत. त्याच्या कुशीत वाढवलेली गाठ मी जबड्यात धरून आकडा सांगे. उंदीर चावे, मुते, तडफडे. गाठ फार वाढली की बाई एका हिसक्यात त्याची मान मोडत आणि हात धुऊन चहाला जात. मी कोण त्यांना नावं ठेवणार? माझंही काळीज पोलादाचंच.

नवं औषध दिलेले पाच नर सात नंबरच्या पिंजऱ्यात एकत्र ठेवले होते. नर एकत्र आले की मारामारी ठरलेली, आणि त्यातला दांडगोबा तर निव्वळ कसाई. एका सकाळी पाहतो तर भुसा रक्ताने थबथबलेला. तिघांच्या कुशीला खड्डे, गाठी गायब. दांडगोबाचं तोंड लाल.

पिंजरे साफ करणारे काका म्हणाले, "मॅडम, हे औषधाचं काम नाही. या दांडगोबानं कुरतडल्यात गाठी."

"काका, गाठ विरताना कातडी फुटतेच. तुम्ही भुसा बदला."

बाईंनी मला त्या ओल्या खड्ड्यांवर टेकवलं आणि वहीत तीनदा शून्य लिहिलं. मला ओरडावंसं वाटलं, पण मला जबडे आहेत, जीभ नाही.

त्या शून्यांवर शोधनिबंध छापून आला. जगभरचे शास्त्रज्ञ त्याचे दाखले देऊ लागले. शंभर, हजार, चार हजार. बाई सकाळी आधी दाखल्यांचा आकडा बघत, मग उंदीर. औषध माणसांना टोचून पाहायची तयारी सुरू झाली.

तेवढ्यात बाईंचा धाकटा भाऊ आला. त्याच्या मानेतली गाठ माझ्या जबड्यात मावली नसती.

"ताई, तुझंच औषध दे. वशिल्याने पहिला नंबर लाव," तो हसत म्हणाला.

बाईंची नजर सात नंबरच्या पिंजऱ्याकडे गेली. "थांब. आधी मला एकदा बघू दे."

त्यांनी तोच प्रयोग पुन्हा मांडला, पण प्रत्येक नर वेगळ्या पिंजऱ्यात. चावायला शेजारीच नाही. एकही गाठ विरली नाही. रोज माझे जबडे आणखी फाकत गेले. शेवटच्या दिवशी बाईंनी पाचही माना मोडल्या आणि मला भिंतीवर फेकून मारलं. माझा एक जबडा वाकला.

"काका, तुम्ही सांगितलं होतं."

"हो मॅडम." काकांनी मला जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलं.

बाईंनी निबंध मागे घेतला. पद गेलं, मान गेला. भाऊ आठ महिन्यांनी गेला.

सामान न्यायला आल्या तेव्हा त्यांनी फोनवर काहीतरी पाहिलं आणि तो काकांपुढे धरला. "काका, चार हजार सहाशे. मागे घेतला तरी लोक दाखले देतायत."

मी आता खणात वाकडा पडून आहे. मोजमापाच्या कामाचा राहिलो नाही, त्याचं दुःखही नाही. पण कुठेतरी कोणी त्या शून्यावर भरवसा ठेवून सुई भरत असेल, आणि समोर कुणाचा तरी भाऊ बाही वर करून बसला असेल. त्या सुई भरणाऱ्याचा हात धरा हो कोणीतरी.