पिकल्या कातडीचं बियाणं

माज्या माहेरचा, कुरवंड्याचा वारा तुमाला ठाऊक न्हाई. माज्या आत्याची म्हैस एकदा उडून नागफणीच्या डोंगराच्या टोकावर जाऊन बसली, नि धार काढायला आत्या आठवडाभर दोर लावून वर चढत व्हती. ही गोष्ट मी सासरी, साऱ्या टाकवे गावाला सांगितली, नि साऱ्या टाकव्यानं मानली. माजी नात सृष्टी सांगती ते मात्र खरं असून कुनाच्या डोक्यात शिरंना, आता बोला!

सृष्टी पुण्याला प्रयोगशाळेत असती. म्हातारपन येतं कुटनं, ते शोधती. त्यापायी तिला गावातल्या म्हाताऱ्यांच्या दंडाची कातडी पायजे व्हती, मसुराच्या दान्यायेवढी. सुई देऊन जागा बधिर करायची, मग काढायची. ती बशीत ठिवून खायला-प्यायला घातलं, की तिच्यातल्या पेशी वाढत्यात म्हनं.

"म्हंजी आपन भाताची रोपं टाकतो तशी?"

"तशीच, आज्जी."

झालं. मी गावभर सांगून आले. जरा फोडनी घातली, येवढंच; दान्यायेवढ्या कातडीचं परातभर पीक येतं म्हनले.

रविवारी कातडी काढायला पुण्याच्या अनघा डॉक्टरीणबाई समाजमंदिरात येऊन बसल्या. दुपारी त्यांना परत जायचं व्हतं. सृष्टीनं बर्फाचा डबा मांडला. नि दारातनं आत आलं कोन? कैलास पैलवान! मागनं गोरखचा भरतीची तयारी करनारा पोरगा, शकुबाईची नवी सून. सगळी रसरशीत, दंडाला तेल चोपडून. म्हातारं एक न्हाई.

"दादा, म्हातारी माणसं कुठायत?" सृष्टीनं इचारलं.

"घरी ठिवली," कैलास म्हनला. "बियाणं द्यायचं तर भरल्या लोंबीचं द्यायचं ना, ताई. किडकं कोन देतं?"

आमच्याकडं रीतच हाय. झोडपायच्या आदी भरल्या लोंब्या बियाण्याला बाजूला काढायच्या. गावानं आपलं पोरीचा मान राखला व्हता. पन पोरीचं तोंड उतरलं.

"तरुणांच्या पेशी पुण्यात ढीगभर आहेत, आज्जी. म्हाताऱ्यांच्याच मिळत नाहीत. आज मिळाल्या नाहीत तर माझं काम इथंच थांबेल."

आमी दोघी तडक पारावर गेलो. सगळी म्हातारी तितं गाल फुगवून बसल्याली.

"आता कशाला आलीस?" शकुबाई फणकारली. "सून मला म्हनली, आत्या, तुमी नका येऊ, गावाचं नाव जाईल!"

"आमी किडकं," नथूआबा म्हनले. "जा, पैलवानाची सालं काढ."

सृष्टी त्यांच्यासमोर मातीतच बसली, नि मोबाइलवर फोटू दाखवाया लागली. एक निळा गोळा, गुळगुळीत. दुसरा पोचे पडल्याला, आत लाल ठिपके.

"आबा, हे पेशीचं केंद्रक. यात डीएनए असतो, आईबापाकडून आलेला. भोवती पातळ पडदा, आणि पडद्याला आतून लॅमिन नावाच्या प्रथिनांचं अस्तर."

"भाताच्या कणगीला लिंपतो तसं?"

"तसंच. पण हे अस्तर नुसती राखण करत नाही. डीएनए जागच्या जागी धरतं, तो तुटला तर सांधायला मदत करतं. अस्तर बिघडलं की असे पोचे पडतात, पडदा फाटतो, तुटलेलं लवकर सांधत नाही. हे लाल ठिपके म्हणजे तुटलेल्या जागा. त्या फार साठल्या की पेशी वाढायची थांबते. म्हातारी होते."

"म्हंजी आमी आतनं लालेलाल!" शकुबाई म्हनली.

"तेच बघायचंय, शकुआज्जी. उन्हानं, अगदी नुसत्या जगण्यानंसुद्धा डीएनए रोज तुटतो. तुमचा जन्मभर रोज तुटला, आणि रोज सांधला गेला. कैलासदादाच्या अस्तरानं अजून काय सोसलंय? तुमचं कशानं टिकलं, ते मला शिकायचंय."

शकुबाई आपल्याच दंडाकडं बघत बसली, जसा काय तो आजच उगवला. मी आजवर येवढ्या म्हशी उडवल्या, पन असली गोष्ट मला सुचली नसती. आपन घोरत पडलेलो, नि कातडीच्या कनाकनात कुनीतरी तुटलेलं सांधत बसलंय! नि हे बघायची नजर कुनाला? जिचा शेंबूड मी पदरानं पुसला, तिला.

नथूआबांनी सदऱ्याची बाही वर केली. "चल पोरी. दुखलं तर मी वरडनार, आदीच सांगतो."

वरडले न्हाईत. डॉक्टरीणबाईंना 'झालं का?' म्हनून तीनदा इचारलं फकस्त. आबांच्या मागं सगळा पार आला. शकुबाई म्हनली, "माजी दोन घ्या," तर बाई म्हनल्या, "एकच पुरे, आजी." दुपारच्या आत डबा भरला. सृष्टीनं झाकन लावलं, नि तान्ह्या लेकरागत त्याला दोन्ही हातांनी धरून हुबी ऱ्हायली.

कैलास अजून बाकावरच, तेलकट दंड घेऊन.

"मावशी, मग आमचं काय?"

शकुबाईनं दंडावरची पट्टी त्याच्या नाकासमोर नाचवली.

"तुजं अजून हिरवं हाय रं. पिकलं की ये."