निम्म्या विजेवरचा भात

मी एक भाताचा कुकर बोलतोय. तुमच्या घरातल्या शिट्टीवाल्याचा चुलतभाऊच म्हणा, पण मला शिट्टी नाही की गॅस नाही. भिंतीत पिन खुपसायची, बटण खाली दाबायचं, की माझं काम सुरू. भात झाला की बटण आपोआप वर उडतं.

माझी मालकीण फेलिसितास. फिलिपिन्समध्ये इलोइलोजवळ तिचं घर, आणि त्या घरात खिडकीखालची जागा माझी. दिवसातून तीनदा भात. होय, सकाळीसुद्धा. पाण्याचं माप तिनं कधी भांड्यानं घेतलं नाही. तांदळावर बोट टेकवायचं, पहिल्या पेरापर्यंत पाणी चढलं की झाकण. तिच्या नवऱ्याला मुलं तातय म्हणायची. तो खरपुडीचा शौकीन. माझा तळ खरवडत म्हणायचा, "मी मेलो तरी हा कुकर विकू नकोस हो." मेला बिचारा. मग मी एकटीपुरतंच शिजवू लागलो.

लेक आर्लीन कॅनडात, विनिपेगला. वृद्धाश्रमात कामाला. लोकांच्या म्हाताऱ्या आयांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, केस विंचरायचे. कितीतरी वर्षं तिला घरी येणं जमलं नव्हतं. शेवटी तिनं आईलाच बोलावलं. आमच्याकडे पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. म्हातारीनं सुकी मासळी घेतली, वाळवलेले आंबे घेतले, आणि दोन झग्यांत गुंडाळून मला घेतलं.

पेटी उघडल्यावर आर्लीन कपाळावर हात मारून हसली. "अगं नानाय, कुकर? इथं कुकर मिळत नाहीत का?"

"मिळत असतील. ते तुला ओळखतात का?"

नानाय म्हणजे आई. आर्लीननं मला छातीशी धरलं खरं, पण तिच्या ओट्यावर आधीच एक चकचकीत कुकर होता. मी गेलो खालच्या कपाटात. कुणी पिनसुद्धा लावून पाहिली नाही.

घरात आर्लीन, तिचा नवरा रॉडेल आणि नात मिका. तिघंही सकाळी बाहेर पडायची. मागे म्हातारी आणि मी. ती कपाटाचं दार उघडून माझ्याशी बोलायची. शेजारच्या बाईशी काय बोलणार, एक हसते, दुसरी हसते, संपलं.

आर्लीनच्या मनात मात्र एकच होतं: आईनं आता परत जाऊच नये. म्हणून तर तिनं वर्षाची सगळी रजा एकदम काढली आणि सगळ्यांना घेऊन डोंगरांकडे निघाली. इथलं वैभव दाखवलं की म्हातारी रमेल, असा तिचा हिशेब.

आणि म्हातारीनं काय करावं? निघायच्या गडबडीत चकचकीत कुकर गाडीतून काढून ओट्यावर ठेवला, आणि त्याच्या जागी मला बसवलं!

वाटेत तिला गाडी लागली. रॉडेल दर तासाला थांबायचा. "नानाय, पिशवी आहे ना हातात? ही गाडी अजून बँकेची आहे हो."

"मग बँकेला सांग खिडकी उघडायला," म्हातारी म्हणाली.

पण तळं पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. मी मागच्या काचेतून पाहत होतो. निळं पाणी, वर शिखरांवर बर्फ. चपला काढून ती सरळ पाण्यात उतरली, किंचाळली, आणि आर्लीनला धरून इतकी हसली की मिका काढत होती तो फोटो हलला. आर्लीनचे डोळे आशेनं भरले. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "तुझ्या तातयला जाऊन सांगते, इंदाय. सगळ्या संतांच्या दिवशी."

इंदाय म्हणजे आमच्याकडे लाडक्या पोरीला मारायची हाक. आणि तो दिवस नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतो. घरोघरची माणसं दफनभूमीत मेणबत्त्या लावून, गेलेल्यांच्या शेजारी बसून जेवतात. म्हणजे म्हातारीचा परतीचा दिवस ठरलेला होता.

संध्याकाळी मोटेलच्या खोलीत मला बाहेर काढलं. पिन भिंतीत छान बसली. म्हातारीनं बोट बुडवलं, बटण दाबलं. मी जिवाचा आटापिटा केला. पण तापच चढेना! पाणी नुसतं कोमट. तासभर झाला, दीड झाला, बटण काही वर उडेना.

रॉडेलनं मला उलटंपालटं करून पाहिलं. "नानाय, इथल्या विजेचा दाब आपल्या तिकडच्या निम्मा. पिन बसली म्हणजे काय झालं?"

मिकानं दाणा चावून पाहिला. आजीला ती लोला म्हणायची. "लोला, आत खडा आहे!"

"मी तुला सांगितलं होतं!" आर्लीन कडाडली. "इथलं काही तुला चालतच नाही! ना कुकर, ना माणसं, ना मी!"

"तू चालतेस गं. पण तू असतेस कुठे? दिवसभर मी त्या कपाटाशी बोलते."

आर्लीन पलंगावर बसली. हळूच म्हणाली, "जगाच्या आयांना मी माझ्या हातानं भरवते, नानाय. फक्त माझ्याच आईला नाही."

म्हातारी जमिनीवर तिच्यासमोर बसली आणि तिनं तोंड उघडलं. आर्लीननं तो कच्चट भात सुक्या मासळीबरोबर बोटांनी दाबून तिला भरवला. म्हातारी चावत राहिली, चावत राहिली. इतका वाईट भात मी जन्मात शिजवला नव्हता, आणि इतक्या निगुतीनं खाल्लेलाही पाहिला नव्हता.

ऑक्टोबर संपत आला. आर्लीनची रजा डोंगरात संपलेली, त्यामुळे विमानतळावर रॉडेल सोडणार आणि ती थेट कामावर जाणार. सगळी नाश्त्याला बसली होती. म्हातारी आधी उठली.

आमच्याकडे रीत आहे. जेवण चालू असताना कुणी प्रवासाला उठलं, तर बसलेल्यांनी आपापलं ताट फिरवायचं. त्यानं जाणारा सुखरूप पोचतो. रॉडेलनं फिरवलं. मिकानं फिरवलं. आर्लीननं मात्र ताट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

"फिरव, इंदाय."

"नाही."

"मला विमानात भीती वाटते गं. फिरव."

बाहेर गाडी चालू होती. म्हातारी कोट घालून तशीच उभी. आर्लीननं तिच्याकडे पाहिलं नाही. ताटाची कड धरली, आणि हळूहळू, टेबलावर घासत, पूर्ण फिरवलं.

म्हातारी सुखरूप पोचली.

मला तिनं नेलं नाही. "राहू दे तुझ्यापाशी," म्हणाली. आता मी ओट्यावर असतो आणि माझ्यात तांदूळ साठवतात. कामावरून आली की आर्लीन झाकण उघडून त्यात हात घालते आणि जरा वेळ तशीच उभी राहते.

पोरी, या हातांना तुझी आई इथं सापडायची नाही. पुढच्या रजेत डोंगर नको, तळं नको. मला दोन झग्यांत गुंडाळ आणि चल. तिकडची वीज मला पुरेल. भरवायला तू हवीस.