हिरूची जागा

मी एक ड्रॉइंग बोर्ड बोलतोय. शाळेत खडूने लिहितात तो फळा नव्हे. इंजिनिअरिंगची मुलं ज्याच्यावर कागद ताणून बसवतात आणि नकाशे काढतात, तो. मी गप्पच बसलो असतो. पण लोक माझ्यासमोर बसून हिरूची गोष्ट चुकीची सांगतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म साजगावचा. तिथल्या एका कारखान्यात परदेशातून यंत्र आलं, त्याच्या खोक्याचं लाकूड मी. हिरूचा बाप बुधाजी त्याच कारखान्यात कामाला. खोकं मोडून जळणात चाललं, तेव्हा त्याने साहेबाकडून चार फळ्या मागून घेतल्या, शिळफाट्याला श्रीपत सुताराकडे नेल्या आणि म्हणाला, पोरीला इंजिनिअर व्हायचंय, तिच्यापुरता बोर्ड करून दे. श्रीपतने असली वस्तू कधी केली नव्हती. हिरूने माप काढून दिलं, त्याने रंधा मारमारून मला आरशासारखा गुळगुळीत केला. घरी आलो तर हिरूची आई सोनुबाई माझ्यावरून हात फिरवत म्हणाली, "पापड लाटायला बेस हाय गं." हिरूने मला तिच्या हातातून काढूनच घेतलं.

दहा-बारा वर्षांपूर्वीची, ऐंशी सालची गोष्ट. हिरू बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. तिला सिव्हिलच हवं होतं. तिच्या मामाच्या गावच्या ओढ्यावरचा लाकडी साकव दर पावसाळ्यात वाहून जायचा आणि पलीकडच्या पोरांची शाळा चार महिने बंद. दरवर्षी नवा साकव, दरवर्षी तीच रडकथा. पक्का पूल का बांधत नाहीत, असं तिने लहानपणी विचारलं होतं. कुणी धड उत्तर दिलं नाही, म्हणून ते शोधायला ती निघाली होती, इतकंच.

पण सिव्हिलवर तेव्हा उड्या पडत होत्या. मुंबईच्या कॉलेजात यादी लागली, तीत हिरूचं नाव नव्हतं. खाली प्रतीक्षा यादी होती, तिच्यात मात्र पहिलंच नाव तिचं. खिडकीतला कारकून गोड बोलला. एखादी जागा रिकामी होणारच, ती तुमचीच. साजगावहून उगाच हेलपाटे कशाला घालता, आम्ही कळवू.

बापलेकीने विश्वास ठेवला. खुर्चीत बसलेला माणूस उगाच कशाला खोटं बोलेल?

मग सुरू झालं ते वाट बघणं. हिरूची ट्रंक भरलेली. संध्याकाळी ती माझ्यावर कागद लावून रेघा मारायची, पण बाहेर टपालवाल्याची सायकल वाजली की पेन्सिल थांबायची. शेजारची चंद्राबाई रोज यायची. वेटिंगला हाय, असं सोनुबाईने सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हंजे पास का नापास, येक काय ते सांग की." सोनुबाईला सांगता येईना. खरं म्हणजे ते कुणालाच सांगता येत नाही. नापास झालेला निदान दुसऱ्या वाटेला लागतो. यादीत लटकलेल्या माणसाला ना पुढे जाता येतं, ना मागे.

अशात एका रविवारी कमळाकर आला. कर्जतच्या भातगिरणीवाल्यांचा मुलगा, बारावीला हिरूच्या वर्गातला. साधा मुलगा, मनात काळंबेरं नसलेला. चहा पिता पिता म्हणाला की त्याला मुंबईच्या त्याच कॉलेजात सिव्हिलला प्रवेश मिळाला, कॉलेज सुरूही झालं. आणि माझ्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "तुझा नंबर नाय लागला ना गं? मग ह्यो बोर्ड मला देतेस का? इथं पडूनच ऱ्हाणार."

हिरूने शांतपणे विचारलं, "तुझा नंबर कितवा होता रं?"

"वेटिंगला तिसरा."

"माझा पयला," हिरू म्हणाली. कपाकडे बघत बसलेल्या कमळाकरच्या ध्यानात हळूहळू आलं. मग त्याने सांगितलं, त्याच्या मामाची त्या कॉलेजात ओळख. त्याने निरोप धाडला, आजच ये, जागा झालीय. हा गेला. बस्, एवढंच.

"तुझी जागा सोड, असं मी म्हणत नाय," हिरू म्हणाली. "पर उद्या माझ्यासंगं चल, आनि हेच कॉलेजच्या साहेबापुढं बोल."

तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी बुधाजीसह तिघं गेले. हिरूने मला काखोटीला मारलं होतं. प्रवेश मिळाला तर तिथूनच वर्गात बसायचं, असा तिचा हिशोब. साहेबाने मान वर न करता सांगितलं, जागा झाली तेव्हा नोटीस लावली होती, तुम्ही हजर नव्हता. तुम्हीच येऊ नका म्हणालात, असं बुधाजीने सांगितलं. असं कोण म्हणालं, त्याचं नाव सांगा, साहेब म्हणाला. खिडकीतला तो कारकून शेजारीच उभा होता. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. साहेब पुढे म्हणाला, "आणि बाईमाणूस सिव्हिलला येतं, वर्षभरात लग्न करून जातं. जागा फुकट."

हिरूने कमळाकरकडे पाहिलं. आता बोलायची त्याची पाळी होती. तो आपल्या चपलांकडे बघत उभा राहिला. शेवटपर्यंत.

मी लाकूड आहे, पण त्या खोलीत माझ्याहून लाकूड झालेली माणसं पाहिली.

घरी आल्यावर मी दाराआड गेलो. पुढच्या उन्हाळ्यात सोनुबाईने माझ्यावर तांदळाचे पापड लाटले आणि हिरूने ते लाटू दिले. त्याच सुमारास नव्या वर्षासाठी तिने पुन्हा अर्ज केला. प्रवेशाचा टक्का इतका चढला होता की तिचं नाव यादीच्या पार तळाला गेलं. मग तिने ट्रंक आणि मला उचललं आणि पुण्याला सिव्हिलच्या डिप्लोमाला बसली. वर्गात बाकी सगळे मुलगे. पास झाली, सरकारी नोकरीत लागली. आज ती खालापूरकडच्या रस्त्यांवर ओव्हरसीअर आहे. तिच्या वरच्या खुर्चीत पदवीवाले येतात, शिकतात, बढती घेऊन जातात. ती आहे तिथेच.

मागच्या महिन्यात कमळाकर आपल्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. मोठा इंजिनिअर झालाय. तिची नोकरी, तिने बापाला बांधून दिलेलं पक्कं घर बघून खूश झाला आणि म्हणाला, "झालं ते बऱ्यासाठीच झालं बघ."

चंद्राबाई हेच म्हणते, सगळं गाव हेच म्हणतं. हिरू दरवेळी ऐकून घेते. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "बऱ्यासाठी नाय झालं, कमळाकर. वंगाळ झालं. त्याच्यातून बरं मी काढलं. ते माझं हाय, त्या साहेबाचं नाय, आनि तुझं बी नाय."

पत्रिका तिने घेतली. लग्नालाही जाऊन आली.

माझा एक कोपरा आता तुटलाय, अंगभर टाचण्यांची भोकं पडलीत. पुन्हा मला पापडाला लावलंत तरी तक्रार नाही. मागणं एकच. हिरूचं कौतुक जरूर करा. पण ते करताना ज्यांनी तिची जागा घालवली, त्यांना त्यातलं चिमूटभरसुद्धा देऊ नका.