वांग्यांचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. माझ्या उजेडात कुणी वाचत नाही की जेवत नाही. माझ्या उजेडात वांगी वाढतात. माझा रंग जांभळट आहे आणि स्वभाव, खरं सांगतो, फारसा चांगला नाही. कुणी वाईट वागलं तर मी ते विसरत नाही.

भिवंडीजवळच्या राहनाळ गावात, आक्कांच्या स्वयंपाकघरात माझा जन्म झाला. आक्का म्हणजे तात्यांची थोरली सून. खिडकीबाहेर तात्यांचा मळा होता. तात्या गेले, वाटण्या झाल्या आणि मळा आक्कांचा धाकटा दीर केसरीनाथ याच्या वाट्याला आला. त्याने मळ्यात मुरूम टाकून गोदाम बांधलं. गोदामाची भिंत आक्कांच्या खिडकीला इतकी चिकटली की घरात भरदुपारी बत्ती लावावी लागे. खिडकीतली रोपं उजेड शोधत काडीसारखी लांबली, फिकट पडली आणि मेली.

आक्का दिराशी बोलायला गेल्या, तर तो हसला. "वयनी, आता प्लॅस्टिकची फुलं लाव. पाणी पण घालायला नको."

 घरी येऊन आक्कांनी राखेत घोळवून ठेवलेलं बी काढून पेरलं. ते तात्यांच्या मळ्यातल्या हिरव्या काटेरी वांग्याचं होतं. मळा बुजल्यावर त्या वाणाचं तेवढंच बी उरलं होतं.

"मृणाली," त्या नातीला म्हणाल्या, "मला ऊन बनवून दे."

मृणाली इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. तिने भंगारवाल्याकडून ॲल्युमिनियमची जाड पट्टी आणली. तिच्यावर लाल, निळे आणि पांढरे एलईडी बसवले, वायरी डाखून जोडल्या, आणि मी तापू नये म्हणून पाठीवर जुन्या कॉम्प्युटरचा पंखा लावला. पहिल्या दिवशी मी फार खाली टांगला गेलो होतो. दोन कोवळी पानं करपली. मृणालीने मला साखळीने वर ओढलं, मग रोपं सुखावली. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत ती जाडजूड झाली. फुलं आली, पण घरात ना वारा, ना भुंगे. मग आक्का रोज सकाळी एकेका फुलाला टिचकी मारायच्या. फळ धरलं तेव्हा त्यांनी माझ्या पट्टीवरून असा हात फिरवला, जणू मी त्यांचा नातूच.

गाव बघायला लोटलं. माझं कौतुक झालं, आणि त्याबरोबर दुसरंही बोलणं सुरू झालं. "केसरीनाथने भावजयीचं ऊन खाल्लं, तरी बघा तिने मळा केला!" हे त्याच्या कानावर गेलं.

एका दुपारी आक्का दळणाला गेल्या असताना तो घरात शिरला. मृणाली धावत आली. "काका आजोबा, हात नका लावू!"

"गावात माझी बदनामी करतं हे भूत!" असं म्हणून त्याने माझी वायर हिसकली. मी फरशीवर आपटलो. माझे निम्मे एलईडी फुटले, पंखा तुटला. जाताना त्याने बादल्याही लाथाडल्या. दोनच रोपं वाचली.

मित्रांनो, त्या फरशीवर पडल्या पडल्या मी ठरवलं, याला मी सोडणार नाही. पण दिव्याने सूड घ्यायचा तरी कसा? मला चावता येत नाही, शिव्या देता येत नाहीत. मला एकच काम येतं. मृणालीने मला पुन्हा डाखून उभा केल्यावर मी ते काम दात-ओठ खाऊन केलं. तापलो, पण मंद झालो नाही. त्या दोन रोपांवर मी सगळा राग ओतला, आणि ती फळांनी वाकली.

चंपाषष्ठी आली. देव आक्कांच्या घरी, म्हणून खंडोबाच्या भरीत-रोडग्याला सगळं घराणं तिथेच जमतं. केसरीनाथही आला. भरीत वाढलं गेलं आणि पहिल्याच घासाला त्याचा एक म्हातारा चुलतभाऊ थबकला. "अरे, हे तर तात्यांचं वांगं!" माणसं डोळे पुसत जेवू लागली. केसरीनाथने घास घेतला, थांबला, पुन्हा घेतला. मग शेजारच्या ताटाकडे बघत हळूच म्हणाला, "वयनी, माझ्या ताटात हे वेगळं हाय."

"तुझं बाजारातलं हाय," आक्का म्हणाल्या.

"मला बापाच्या मळ्यातलं न्हाय?"

"मळा तुझाच हाय ना? जा, तोडून आण."

 केसरीनाथची मान खाली गेली. मी दाराआडून सगळं ऐकत होतो आणि इतका लखलखलो की काय सांगू!

सकाळी तो पुन्हा आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "चुकलो, वयनी. एक रोप दे." आक्कांनी त्या दोन झाडांच्याच बियांपासून केलेल्या नव्या रोपांतलं एक चांगलं रोप उपटलं, त्याच्या मुळांची माती नीट झटकली आणि ते त्याच्या हातात ठेवलं.

"आणि माती?"

"माती तुझ्याकडं होती."

उघड्या मुळांचं ते रोप घेऊन तो सिमेंटच्या अंगणातून चालत गेला. ते रोप मीच वाढवलेलं. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा दिवा असेल तर त्याच्या पंख्यावरची धूळ पुसत जा, त्याला पानांपासून बेताच्या उंचीवर टांगा. आणि भिंत बांधण्याआधी पलीकडे कुणाची खिडकी आहे का, ते जाऊन बघा.