हजारी नऊ

नीताचं अर्धं आयुष्य एका भागाकारात गेलं होतं. वर आजारी माणसं, खाली एकूण माणसं, आणि उत्तर येईल त्याला हजाराने गुणायचं. पनवेलच्या आरोग्य कार्यालयात साथींचे आकडे काढून काढून तिला लग्नाच्या पंगतीतसुद्धा पानं दिसायची नाहीत, छेद दिसायचा. त्यात गेल्या महिन्यापासून काविळीने पिच्छा पुरवला होता. हाताखालचे दोघे निवडणुकीच्या कामाला नेलेले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. घरी गेल्यावर नवऱ्याने भाजी कुठली करू असं विचारलं तरी तिला रडू यायचं.

कावीळ दोन ठिकाणी होती. कळंबोलीच्या एका वसाहतीत साठ रुग्ण, विचुंब्याच्या एका भागात एकवीस. पाण्याची गळती शोधणारं पथक एकच, टँकरही जेमतेम. नुसते रुग्ण मोजून पथक कुठे धाडायचं ते ठरत नाही. जिथे माणसं जास्त तिथे आजारीही जास्तच दिसणार. म्हणून तर भागाकार. कळंबोलीच्या वसाहतीत चार हजार माणसं, म्हणजे हजारी पंधरा. विचुंब्यात जुन्या गावाची एक आळी, तिथे तीनशे ऐंशी माणसं, आणि त्याच पाण्याच्या लाइनवर उभी राहिलेली चारशे ऐंशी फ्लॅटची नवी सोसायटी. फ्लॅटमागे चार माणसं धरायची ही कार्यालयाची जुनी रीत. बेरीज तेवीसशे, भागाकार हजारी नऊ. तिचे साहेब डॉ. सत्यजीत यांनी न वाचता सही केली आणि पथक कळंबोलीला गेलं. नीतानेही पुन्हा पाहिलं नाही. खरं सांगायचं तर तिला फक्त झोपायचं होतं.

दुसऱ्या दिवशी भामा आली. त्याच आळीतली, पन्नाशीची, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेली. शेतं सिडकोने घेतली, आता घराच्या खोल्या भाड्याने देऊन चालतं, असं तिने न विचारताच सांगून टाकलं. मग खुर्ची ओढून बसली आणि मुद्द्यावर आली. तिची सून अंकिता पोटुशी होती, सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे ठरलेलंच, पण ओटी भरल्याशिवाय सून धाडायची नाही ही घरची रीत, आणि ओटीचा मुहूर्त दोन आठवड्यांवर. आळीत तर ज्याला त्याला कावीळ.

"मुहूर्त सोडून आत्ताच धाडू का तिला?" भामाने विचारलं. "तुमी सांगाल तसं करते, म्याडम. लोक काय, बोलतील नि गप र्‍हातील."

नीताने समोरचा कागद पाहिला. गरोदरपणात ही कावीळ जिवावर उठते हे तिला पाठ होतं. पण कागदावर नऊ होते, आणि नऊ काही फार नव्हते. "तुमच्याकडे प्रमाण कमी आहे," ती म्हणाली. "पाणी उकळून द्या. ओटी भरा आणि मग पाठवा."

भामा समाधानाने उठली. सरकारी माणसाने इतकं सरळ उत्तर दिल्याचं तिला नवल वाटलं असावं. जाताना तिने नीताला ओटीच्या जेवणाचं आमंत्रणही दिलं.

विचुंब्याहून नवे रुग्ण यायचे थांबेनात. पंधरवडा उलटून गेल्यावर, पाण्याचे नमुने घ्यायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून, नीता स्वतःच बाटल्या घेऊन त्या सोसायटीत गेली. लिफ्ट बंद. धापा टाकत ती एकेक मजला चढली. एकाही दाराला तोरण नव्हतं, दाराबाहेर चपला नव्हत्या, काही दारांवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. आणि एकामागून एका दारावर खडूची फुली. पोलिओच्या डोसाला फिरणाऱ्या बाया कुलूप दिसलं की तशी फुली मारून पुढे जातात. विमानतळ येणार म्हणून लोकांनी फ्लॅट घेऊन ठेवले होते. राहायला कोण येणार होतं? वॉचमनला विचारलं तर म्हणाला, सत्तर घरांत माणसं असतील, तीही तीन-तीन.

नीता जिन्यातच बसली. तिने शेकडो माणसं मोजली होती, जी तिथे नव्हतीच. त्या भुतांना कावीळ होणार नव्हती, पण छेदात बसून त्यांनी आळीतली कावीळ पातळ करून टाकली होती. सत्तर त्रिक दोनशे दहा, त्यात आळीचे तीनशे ऐंशी. पाचशे नव्वद. पहिल्याच एकवीस रुग्णांना तिने मोबाइलवर भागून पाहिलं. हजारी छत्तीस.

कळंबोलीच्या दुपटीहून जास्त. पथक आधी इथे यायला हवं होतं. तिला स्वतःची इतकी चीड आली की हातातली बाटली तिने जोराने पायरीवर ठेवली. मग ती तशीच भामाच्या घरी गेली. अंगणात मांडव अजून तसाच होता. अंकिता आदल्याच दिवशी उरणला माहेरी गेली होती. भामा खुशीत होती. सुनेला रोज उकळलेलंच पाणी दिलं, म्हणाली. ओटीला मात्र दीडशे माणूस आलं, तेव्हा सरबत नळाच्याच पाण्याचं केलं, दीडशे माणसांचं कोण उकळत बसणार? अंकितानेही दोन पेले घेतले. उकाडाच तेवढा होता.

नीताने काय करायचं ते सगळं केलं. सुधारित आकडा दिला, साहेबांची बोलणी खाल्ली, उरणच्या दवाखान्याला फोन करून अंकिताकडे लक्ष ठेवायला सांगितलं. पथक आलं, गटाराशेजारचा फुटका पाइप सापडला, टँकर सुरू झाले. वरातीमागून घोडं, पण आलं. महिन्याभरात विचुंब्याची साथ ओसरली.

मग उरणहून फोन आला. अंकिताला कावीळ झाली होती. तिथला डॉक्टरही थकलेलाच वाटला. त्याने विचारलं, ही केस कुणाच्या आकड्यात धरायची, तुमच्या की आमच्या? नीता म्हणाली, माझ्या. तिने अंश एकाने वाढवला.

भामा पुन्हा आली तेव्हा पदर खोचलेला नव्हता. खुर्ची तिने ओढली नाही, नीतानेच पुढे केली. अंकिता वाचली होती. आठव्या महिन्यातलं मूल पोटातच गेलं होतं.

"अंकिताला तुमी मोजली?" भामाने विचारलं.

"मोजली."

"नि पोराला?"

नीताला खोटं बोलता आलं असतं. "नाही, भामाबाई. जन्मलंच नाही, म्हणून ते कुठल्याच लोकसंख्येत धरत नाहीत. वरही नाही, खालीही नाही."

"कुलपांना धरलात," भामा हळूच म्हणाली. सगळ्या आळीला ते आता ठाऊक होतं. "नि ओटी तर आमी त्याचीच भरली."

नीताचे डोळे भरून आले. "थांबा म्हणून मीच सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"मना ठाव हाय," भामा म्हणाली. "म्हणून तर तुमच्याकडंच आली. तुमी थांबा म्हणालात ते घरी अजून कुणाला सांगितला नाय."