भुसावळला उतरायचं नाही

जळगाव सुटलं आणि सिंधुबाईच्या मांडीवरचा फोन पुन्हा वाजला. नंदुरबारपासूनची ही सहावी वेळ. या वेळी तिने तो घेतला.

"माय, भुसावळले उतर," तिचा मुलगा हेमकांत म्हणाला. "मामा फलाटवर उभा शे. डबाना नंबर त्याले सांगेल शे."

"मी उतरत नई."

"बाबा म्हनस, आज उतरनी नई तं परत घर येवानं नई."

"त्याले सांग, मी आयकी लिधं." तिने फोन बंद करून ब्लाउजात खोचला.

समोर रमिलाबाई आणि तुळशीबाई बसल्या होत्या. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर या तिघी वीस वर्षं एका ओळीत बसून देठ खुडत आल्या होत्या. रमिलाबाईने फुटाण्याची पुडी पुढे केली.

सात वर्षांपूर्वी सिंधुबाईची मुलगी काजल सुरतेला मावशीकडे कामाला गेली, आणि तिथे यंत्रमागावर काम करणाऱ्या ओडिशाच्या मुलाशी लग्न करून त्याच्या गावी निघून गेली. बातमी आली त्या दिवशी बापाने तिच्या नावाने अंघोळ केली. मेलेल्या माणसाची करतात तशी. हापशावरून पाणी सिंधुबाईनेच भरून आणलं. त्यानंतर घरात ते नाव कुणी घेतलं नाही. तिनेही नाही.

यंदा घरोघरची माणसं लिहून घ्यायला शाळेचे गुरुजी ओट्यावर आले. मुलं किती, त्यांनी विचारलं.

"एक," नवरा म्हणाला.

आत भाकरी थापणारी सिंधुबाई तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली. "दोन लिखा, गुरुजी. पोऱ्या हेमकांत. पोर काजल."

गुरुजींनी काय लिहिलं ते तिला वाचता येत नव्हतं. नवरा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पथारीवर ती म्हणाली, "माले पोरकडे जावानं शे." रमिलाबाईने कधीपासून मनात असल्यासारखं लगेच "चाल" म्हटलं. तुळशीबाई धडगावच्या डोंगरातली. दिवसात चार शब्द बोलेल तर शपथ. ती खुडता खुडता म्हणाली, "मी बी येस."

काजलचा नंबर सुरतेच्या मावशीने दिला, तिला एक मुलगी असल्याचंही सांगितलं. सिंधुबाईने फोनवर गाडीचा दिवस सांगितला. पलीकडून "बरं" एवढंच आलं.

भुसावळला गाडी थांबली, तसा गिरधर डब्यात चढला. सिंधुबाईचा थोरला भाऊ. बाप गेल्यावर तिचं लग्न त्यानेच लावून दिलेलं. त्याच्यापुढे ती कधी वर मान करून बोलली नव्हती.

"चाल सिंधू. तमाशा नको करू."

"कसाना तमाशा, दादा? मी तं बसेल शे."

"ती पोर आपलासाठे मरी गयी."

"मरी नई गयी. आपन मारी टाकी." तिचा आवाज चढला नव्हता. "त्या दिनले पाणी मी काढं व्हतं. सात वरीस ते मन्हा आंगवर शे."

आजूबाजूची माणसं ऐकायला लागली. गिरधरने बाकाखालची तिची पिशवी ओढून काढली. तिच्यात सिंधुबाईचं बदलायचं लुगडं होतं, काजलसाठी साडी होती, नातीसाठी झगा होता, घरची लाल चटणी होती. पिशवी उचलली की बहीण मागोमाग येणार, याची त्याला खात्री होती. तो दारापर्यंत गेला, फलाटावर उतरला, वळून पाहिलं.

सिंधुबाई जागची हलली नव्हती.

"पिशवी जाई ऱ्हायनी," रमिलाबाई हळूच म्हणाली.

"जाऊ दे."

गिरधर खिडकीशी आला. गजांतून बघत राहिला. "सिंधू, मन्हं दार बी बंद होई मंग."

"होऊ दे, दादा. तुन्ही तब्येत संभाळ."

गाडी हलली. तो पिशवी घेऊन चार पावलं गाडीबरोबर चालला आणि थांबला. सिंधुबाईने डोळे कोपराने पुसले. बोटांना मिरची नसली तरी पथारीवरची सवय जात नाही. मग तिने फुटाण्याची पुडी मागून घेतली.

सकाळी तुळशीबाईने आपल्या गाठोड्यातलं धुतलेलं लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. सिंधुबाई नको म्हणाली. तुळशीबाई खिडकीबाहेर बघत बसली, जणू ऐकलंच नाही.

ओडिशातल्या ब्रह्मपूरला उतरल्या तेव्हा ऊन कलतं होतं. फलाटावर आजूबाजूच्या बोलण्यातला एक शब्द कळेना. गर्दी ओसरल्यावर पाण्याच्या नळाजवळ काजल दिसली. अंगाने भरलेली, कपाळावर मोठं कुंकू, बोटाला धरलेली मुलगी. ती पुढे आली नाही. तिघीच चालत गेल्या.

"सात वरीस, माय," काजल म्हणाली. "आते सवड भेटनी?"

"सवड व्हती. हिंमत नव्हती."

काजलने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "पिशवी?"

"मामानी उतारी ली."

"मामा उना व्हता?"

"भुसावळले."

काजलने तुळशीबाईच्या हातातलं गाठोडं घेतलं, मुलीला दुसऱ्या बाजूला धरलं आणि भराभर चालू लागली. सिंधुबाईला तो वेग जमेना. दोन दिवस बसून पाय आखडले होते. मधे माणसं आली, हमाल आले, आणि अंतर वाढत गेलं.

जिन्यापाशी काजल थांबली. मागे वळून तिने पाहिलं नाही. पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून, तिघी येऊन पोहोचेपर्यंत, ती तशीच उभी राहिली.