चुकीच्या किमतीचा ब्रश कटर

मित्रांनो, मी एक जुना ब्रश कटर आहे. माणसाच्या उंचीचा एक पोकळ दांडा, एका टोकाला पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन आणि दुसऱ्या टोकाला गोल दातेरी पातं, एवढाच मी. पट्टा खांद्यावर अडकवायचा, दोरी ओढून इंजिन चालू करायचं, मुठीतला खटका दाबून रेस वाढवायची आणि गवत किंवा भात कापत पुढे जायचं. पातं पूर्ण वेगात फिरू लागलं की त्याचे दात दिसत नाहीत. एक फिकट चकती तेवढी दिसते, आणि नवख्या माणसाला ती निरुपद्रवी वाटते.

माझा जन्म मारातून झाला. कारखान्यात पोलादाच्या पत्र्यावर साचा आदळून माझं पातं तोडून काढलं. मग ते भट्टीत लाल होईपर्यंत तापवलं आणि धगधगतं असतानाच तेलात बुडवलं. अशाने पोलाद कठीण होतं. तपासणीच्या टेबलावर माझ्यापुढे बांबूच्या काटक्यांची जुडी धरली, आणि मी ती एका क्षणात उडवली. तपासणाऱ्याने मान डोलावली. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

तिथून मी एका ऑनलाइन दुकानाच्या गोदामात आलो. दसऱ्याच्या सेलची गडबड चालू होती. माझी किंमत सोळा हजार रुपयांच्या आसपास होती. ती भरताना कोणाच्या तरी हातून एक शून्य कमी पडलं आणि मी सोळाशेचा झालो. शेजारी पन्नास टक्के, सत्तर टक्के सूट लिहिलेल्या शेकडो वस्तू होत्या. त्यांच्यात माझी चूक मिसळून गेली.

ती किंमत अपेक्षाने पाहिली. अपेक्षा साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम करते आणि चौक गावाजवळच्या एका लहान वाडीत राहते. वाडीत सात घरं. तिची आई सोनुबाई स्वतःची भातशेती स्वतः करायची. दोन पावसाळ्यांपूर्वी ती बांधावरून घसरली, उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. त्या हाताच्या मुठीत विळा राहत नव्हता. कापणीला मजूर मिळत नव्हते, कारण आसपासची माणसं फार्महाऊसवर नाहीतर माथेरानच्या हॉटेलांत कामाला जात होती. माझ्यासारख्या यंत्राला घट्ट मूठ लागत नाही, तळहाताने रेटलं तरी चालतं. सोनुबाईने पुन्हा स्वतःचं शेत स्वतः कापावं म्हणून अपेक्षाने कामावर जाताना बसमध्येच मला मागवलं.

पण मी एकटा नव्हतो. तिने सात मागवले.

त्याला कारण होतं. कुरियरवाला त्या वाडीपर्यंत येत नाही. तो सगळं सामान चौकला, जुन्या हायवेवरच्या हर्षदच्या गॅरेजात टाकून जातो. ऑनलाइन खातं वाडीत एकटीचंच, अपेक्षाचं. त्यामुळे कोणाला काहीही हवं असलं की तिच्याच नावावर यायचं आणि संध्याकाळी ती बसमधून उतरून घेऊन यायची. तिने किंमत सांगताच बाकीच्या सहा घरांनीही पैसे काढून दिले. यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही.

सर्वांत आधी मी निघालो. हर्षदने माझं खोकं अपेक्षाच्या हवाली करताना चेष्टा केली की, सोळाशेत तर आमच्याकडे याचा पट्टा पण येत नाय, आत दगड भरलाय का बघ. आत मीच होतो, आणि सोबत शिक्का मारलेलं बिल होतं. दुसऱ्या दिवशी दुकानाला चूक समजली. बाकीचे सहा गोदामातच रद्द झाले आणि त्यांचे पैसे परत आले.

मग फोन सुरू झाले. पहिल्या बाईंचा आवाज गोड होता. किंमत चुकून पडली, यंत्र परत द्या, पैसे लगेच मिळतील, असं त्या म्हणाल्या. अपेक्षाने शांतपणे विचारलं, "मॅडम, माझ्याकडून एक शून्य जास्त गेलं असतं, तर तुमी असाच फोन केला असता का?" अंगणात बसलेल्या बायका हसल्या. पलीकडून फोन बंद झाला. अपेक्षाने ग्राहकांच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. बिल जपा, फोनवर काही कबूल करू नका, जे काय ते लेखी मागा, असं तिला तिथून सांगण्यात आलं. तिने तसंच केलं.

पुढचे फोन पुरुषांचे होते. त्यांत शिव्या होत्या. चोर, लुटारू, तुझ्या कारखान्यात येऊन सांगू, अशी भाषा होती. दुकानाने वसुलीचं काम एका एजन्सीला दिलं होतं, आणि एजन्सीने ते साईराजला दिलं होतं. साईराज खोपोलीचा, तिशीचा, जाडजूड माणूस. वस्तू परत आणली तरच त्याला पैसे मिळायचे, नाहीतर डिझेल त्याच्याच खिशातून. तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याने दाराला लाथ मारली. सोनुबाई आतून म्हणाली की दार तिच्या घामाचं आहे, त्याच्या एजन्सीचं नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने अंगणातली पाण्याची पिंपं उलथी केली आणि अपेक्षाचा हात पिरगळला. वाडीतल्या माणसांनी त्याला ढकलत रस्त्यापर्यंत नेलं. जाताना तो म्हणाला की पुढच्या वेळी विचारणार नाही.

कापणी आली. सोनुबाईचा दीर नामा रजा काढून खाली आला. तो माथेरानला पाहुण्यांचं सामान वाहायचा. तिथे गाड्या चालत नाहीत, म्हणून बॅगा डोक्यावर घेऊन चढ चढायचा. त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या होत्या. वहिनीला शिकवण्याआधी आपण चालवून बघतो, असं म्हणून त्याने पट्टा खांद्यावर अडकवला. खाचरात भात पिवळं होऊन वाकलं होतं. मी कापू लागलो. एका दमात हातभर रुंदीचं भात आडवं पडत होतं. लपलेला एक बेडूक मध्ये आला, तोही कापला गेला. मला फरक कळत नाही. सोनुबाई मागून भारे गोळा करत होती. कितीतरी दिवसांनी ती गुणगुणत होती.

माझ्या आवाजात नामाला टेंपो ऐकू आला नाही. साईराज बांधावरून उतरला, पाठीमागून आला आणि त्याने माझा दांडा दोन्ही हातांनी धरून खेचला.

मित्रांनो, पुढचं मी नीट सांगतो, कारण नंतर ते प्रत्येकाने वेगळं सांगितलं. झटक्याने पट्ट्याची कडी सुटली. नामाने मूठ सोडली नाही, उलट घट्ट आवळली. त्या मुठीतच रेसचा खटका होता. इंजिन किंचाळलं. साईराज एका बाजूला खेचत होता, नामा दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मध्ये माझं पातं जमिनीपासून वीतभर वर फिरत होतं. ते नामाच्या डाव्या पायात घुसलं. कातडी आणि स्नायू मला जाणवलेही नाहीत. हाडाशी मी अडखळलो, इंजिन गुदमरलं आणि बंद पडलं. मग फक्त नामाचा आवाज उरला.

साईराजचे हात सुटले. पळायचं त्याला सुचलं नाही. आजूबाजूच्या खाचरांतून माणसं धावत आली. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात विळा. पहिला दगड सोनुबाईने मारला, डाव्या हाताने. तो त्याच्या तोंडावर बसला. साईराज खाली पडल्यावर थांबायला हवं होतं. कोणी थांबलं नाही. त्याच्या बरगड्यांवर लाथा बसत होत्या आणि तो हात जोडत होता. त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला. साईराजच्या टेंपोचा ड्रायव्हर पळाल्यावर काचा फुटल्या, मग टेंपो चारचौघांनी ढकलून कालव्यात उलटा केला. अपेक्षा मध्ये शिरून ओरडत होती, पण तिलाही एक काठी लागली.

हर्षद आपली पिकअप घेऊन आला. त्याने आधी नामाला ताडपत्रीवर ठेवलं, मग साईराजला उचलू लागला. कोणीतरी त्याला म्हणालं की या कुत्र्याला इथंच मरू दे. हर्षद म्हणाला, "मेला तर तुमी सगळे आत जाल. धरा पाय." ते दोघे एकाच ताडपत्रीवर शेजारी शेजारी झोपून गेले.

नामाचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

मला पोलिसांनी मुद्देमाल म्हणून नेलं. पात्यावरचं रक्त वाळून काळं झालं होतं. पोलीस ठाण्यामागच्या शेडमध्ये, गंजक्या मोटारसायकलींच्या शेजारी मी पडलो. टाकीतलं पेट्रोल आटून चिकट झालं. पत्र्याच्या फटीतून पाणी गळायचं. इंजिनवर उंदराने घर केलं. पुढचं मला नंतर कळलं, घरात बोलणं व्हायचं त्यातून.

दुकानाकडून निरोप आला की यंत्रावरचा हक्क सोडा, तक्रार मागे घ्या, म्हणजे मारहाणीचं प्रकरणही मिटवू. वाडीतले तरुण त्या प्रकरणात अडकले होते. सहा घरांतली माणसं सोनुबाईच्या ओसरीवर जमली आणि एका लोखंडी दांड्यापायी आमची पोरं तुरुंगात घालणार का, असं विचारू लागली. सोनुबाई डगमगली. तिने लेकीला सांगितलं की देऊन टाक.

अपेक्षा कर्जतला प्रणिता या वकीलबाईंकडे गेली. प्रणिताने सगळं ऐकून घेतलं. कागद पाहिले. मग ती म्हणाली, "खरेदीत तुमची बाजू खरी आहे. मारहाणीत नाही, आणि तिथे मी तुम्हाला बरोबर ठरवणार नाही. पण एक देऊन दुसरं सोडवायला जाऊ नका. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत." अपेक्षाने परत येऊन वाडीला हेच सांगितलं. दोन घरांनी तिच्याशी बोलणं सोडलं.

प्रणिताने तक्रार ग्राहक आयोगात दाखल केली. तिथे दुकानाच्या वकिलांनी एकच मुद्दा जोरात मांडला. साध्या घरात सात ब्रश कटर कशाला लागतात? या बाईंना किंमत चुकलेली दिसली आणि विकून नफा करायला त्यांनी सात घेतले. म्हणजे त्या व्यापारी, ग्राहक नव्हेत. वाडीची जी सवय सगळ्यांच्या सोयीची होती, तीच आता तिच्या अंगावर आली होती.

अपेक्षाने आपला फोन पुढे ठेवला आणि कित्येक वर्षांच्या ऑर्डरी उघडून दाखवल्या. वेगवेगळ्या मापांच्या शाळेच्या चपला, कुकरच्या रिंगा, एका शेजारणीचा कमरेचा पट्टा, कोणाच्या तरी बाळाची मच्छरदाणी. सात घरांचं सगळं तिच्या एका नावावर. तिने सांगितलं की कुरियर आमच्यापर्यंत येत नाय, त्याला आमी काय करणार. सहा घरांतून माणसं साक्षीला आली. बोलणं सोडलेलीही आली.

मग आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं, किंमत चुकीची असेल असं तुम्हाला वाटलं नाही का. नाही म्हणणं सोपं होतं.

अपेक्षा म्हणाली, "वाटलं, साहेब. पण सोळा हजाराची वस्तू दोन हजाराला, हे मी सेलमध्ये रोज बघते. त्यातला सेल कुठला आणि चूक कुठली, ते आमी कसं ओळखायचं? पैसे घेतले, बिल दिलं, वस्तू पाठवली. तोवर त्यांनाच कळलं नव्हतं."

निकालात आयोगाने तिला ग्राहकच मानलं. जे सहा निघण्याआधी रद्द झाले आणि ज्यांचे पैसे वेळेत परत आले, त्यांच्यावर तिचा हक्क नव्हता. चूक कोणाकडूनही होऊ शकते आणि ती वेळीच सुधारायची मुभा असते. पण बिल देऊन पोहोचवलेली वस्तू घेणाऱ्याची झाली. विकणाऱ्याला काही म्हणायचं असेल तर त्याने आयोगाकडे किंवा न्यायालयात यावं, शेतात माणूस पाठवू नये. साईराज आमचा माणूसच नाही, असं दुकान म्हणत होतं. आयोगाने ते मानलं नाही आणि नामाला भरपाई द्यायला लावली. साईराजला मात्र कोणीच काही दिलं नाही. त्याला अजून तोंड पुरतं उघडता येत नाही, आणि तो मऊ भात खातो. वाडीतल्या तरुणांच्या तारखा अजून चालू आहेत.

मी परत आलो तेव्हा पुन्हा भात पिवळं झालं होतं. हर्षदने कार्ब्युरेटर धुतला, उंदराचं घर काढलं, पातं घासलं. दोन दात तेवढे बोथट राहिले. सोनुबाईने पट्टा खांद्यावर घेतला. नामा कुबडी आडवी टाकून बांधावर बसला होता. डाव्या हाताने तिने दोरी ओढली. मी चालू झालो, आणि नामाचा हात झटकन खाली गेला, पाय नव्हता तिथे.

सोनुबाईने इंजिन बंद केलं. "भावजी, घरला जा तुमी. मी बघते."

"नाय," नामा म्हणाला. "चालव, वैनी. आता तू विळ्यानं कापलंस, तर माझा पाय फुकट गेला."

तिने पुन्हा दोरी ओढली. वाकड्या मनगटाने मला रेटत ती चालू लागली. नामा शेवटच्या ओळीपर्यंत बसून राहिला. त्याचे दोन्ही हात मांडीवर घट्ट आवळलेले होते, आणि त्याने एकदाही तोंड फिरवलं नाही.

मित्रांनो, मला आता फार वर्षं उरलेली नाहीत. तुम्ही काही विकत घ्याल तेव्हा बिल जपून ठेवा. कोणी ते परत मागायला आलं, तर त्याला लेखी मागणी करायला सांगा आणि तक्रार कुठे करायची ते विचारून घ्या. चालू यंत्राला हात घालू नका. खाली पडलेल्या माणसाला मारू नका. मी पोलादाचा आहे. भात, बेडूक आणि पाय मला सारखेच लागतात. तुम्हाला ते सारखे लागू नयेत, एवढंच माझं मागणं आहे.